किर्लोस्कर रोडपासून किर्लोस्करवाडीपर्यंत



बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या रस्त्याने शाळेला जाताना, बाजार करताना, लग्नाचा बस्ता बांधायला जाताना शेकडो वेळा ये-जा केली असेल. किर्लोस्करांचा कारखाना मात्र त्या रस्त्यावर नाही. तो मिरजेच्या पलीकडे, पुण्याच्या वाटेवर, किर्लोस्करवाडीला आहे. नाव येथे राहिले आणि कारखाना तिकडे गेला. ही गोष्ट आपल्या घरांतून एका ठरावीक सुरात सांगितली जाते. ‘आपल्या गावाने घालवला’ असे म्हणत एखादा वडीलधारा माणूस सुस्कारा टाकतो आणि विषय संपतो. पुण्या-मुंबईकडे तीच गोष्ट दुसऱ्या सुरात सांगतात. त्यांच्या सांगण्यात लक्ष्मणराव नावाचा एकटा जिद्दी पुरुष निवडुंगाच्या माळावर जातो आणि नंदनवन फुलवतो.

मला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. सुस्काऱ्याच्या गोष्टीत गाव खलनायक ठरते, जिद्दीच्या गोष्टीत लक्ष्मणराव एकटेच उरतात. प्रत्यक्षात ते दुकान एका माणसाचे कधीच नव्हते. ते वाढले ते प्रत्येक वळणावर कोणीतरी भागीदार मिळाला म्हणून. हे भागीदार कागदोपत्री नव्हते, बहुतेक अगदी अनपेक्षित होते. आणि बेळगावातून ते उठले तेही एक भागीदारी जमली नाही म्हणून. आजच्या व्याख्यानात मी या भागीदारांची ओळख करून देणार आहे.

पहिला भागीदार घरातलाच. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. (संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर, म्हणजे बळवंत पांडुरंग, हेही गुर्लहोसूरचेच. एका लहान गावाने मराठीला नाट्यगृहही दिले आणि नांगरही दिला.) वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष पोथीत नव्हते, चित्रांत आणि यंत्रांत होते. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी पाठीशी उभे राहून त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाठवले. तेथे काही काळाने लक्षात आले की मुलाला रंगांतला फरक नीट दिसत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता बसायचा? पण रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखाटन शिकून घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले.

कंपनी आपले वय १८८८ पासून मोजते. त्या वर्षी बेळगावात सायकलींचे लहानसे दुकान निघाले. एक गोष्ट आपण सहसा विसरतो. दुकान बेळगावात होते तेव्हा लक्ष्मणराव पुष्कळ वर्षे मुंबईतच मास्तर होते. ते मुंबईत नवीन यंत्रे पाहत, पारखत, विकत घेऊन पाठवत. येथे रामूअण्णा ती विकत. एकाकडे डोळा होता, दुसऱ्याकडे गाव होते. पुढे मुंबईच्या नोकरीत बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली, तेव्हा राजीनामा देऊन ते बेळगावला आले. तोवर त्यांना पाय टेकायला जागा तयार होती. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावातला ‘ब्रदर्स’ हा शब्द शोभेचा नाही. त्या दुकानाची रीतच त्यात सांगितलेली आहे.

सायकलच्या धंद्यातली एक बारीकशी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या गावात सायकल कोणी पाहिलेली नाही, तेथे ती विकायची तर ती चालवायलाही शिकवावी लागते. दुकानात हे दोन्ही होत असे. गिऱ्हाईक वस्तू घेऊन जात असे आणि तिच्याबरोबर कौशल्यही नेत असे. नवी वस्तू विकणे म्हणजे गिऱ्हाइकाला आधी जाणता करणे, हा धडा त्या भावांनी सायकलीवर गिरवला. तो पुढे नांगराला उपयोगी पडला.

सायकलींबरोबर पवनचक्क्यांची एजन्सी झाली. मग स्वतः काही बनवण्याची ओढ लागली आणि कडबा कापण्याचे यंत्र निघाले. कडबा सबंध टाकला तर जनावर अर्धा तुडवते. कापून घातला तर वाया कमी जातो. हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नव्हते, कारण गोठ्यात तो रोज पाहतच होता. त्यानंतर आला लोखंडी नांगर. तो समजावून सांगावा लागला.

१९०३ च्या सुमाराला किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला. इंग्लंडहून रॅन्सम्स कंपनीचे लोखंडी नांगर मुंबई इलाख्यात येतच होते. ते पाहून, त्यांची रचना समजून घेऊन, येथील मातीला आणि बैलांना जुळेल असा नांगर करायचा होता. नांगर झाला, पण घेणारा कोणी नाही. लोखंडाचे विष जमिनीत उतरते आणि पीक जळते, अशी समजूत होती. पहिले नांगर दोनेक वर्षे पडून राहिले, असे सांगतात. आज आपण या समजुतीला हसतो. मी हसणार नाही. ज्याच्या घरातले वर्षभराचे धान्य एका पेरणीवर अवलंबून आहे, त्याने नव्या औताकडे संशयाने पाहिले तर तो अडाणी ठरत नाही. दुकानदाराचा एक नांगर पडून राहिला तर त्याचे भांडवल अडकते. शेतकऱ्याचा एक हंगाम बुडाला तर तो सावकाराच्या दारात जातो. दोघांचा धोका सारखा नव्हता, आणि तो कोणी उचलायचा हाच खरा प्रश्न होता.

उत्तर शेतातच मिळाले. आपल्या काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी माजते. तिची मुळे इतकी खोल जातात की लाकडी नांगर वरचे तेवढे खरवडतो आणि खालचे राहून जाते. ज्याने कुंद्याने भरलेले शेत पाहिले आहे त्याला ठाऊक आहे की तो खणून काढण्यात माणसांचे किती दिवस जातात. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलथवून टाकतो. ज्या शेतकऱ्याने हे एकदा पाहिले त्याला विषाची गोष्ट पुन्हा सांगावी लागली नाही. तो बांधावरच्या शेजाऱ्याला सांगू लागला. तक्रारीही आल्या. नांगर जड आहे, ताकदीचे बैल लागतात, फाळ झिजतो. फाळ झिजला की तेवढाच बदलता यावा आणि तो गावात मिळावा, ही सोय पुढे नांगराइतकीच महत्त्वाची झाली. माझ्या दृष्टीने हा दुसरा भागीदार. त्याने पैसा घातला नाही. त्याने आपले शेत घातले आणि आपली तक्रार घातली. लहान कारखान्याला या दोन्ही गोष्टी कर्जाहून मोलाच्या असतात.

एक गोष्ट येथेच नोंदवली पाहिजे, कारण यशाच्या कथांत ती राहून जाते. लाकडी नांगर गावचा सुतार करीत असे, त्याचा फाळ लोहार शेवटीत असे, आणि दोघांना सुगीला बलुते मिळत असे. ती गावातली जुनी भागीदारी होती. कारखान्याच्या नांगराबरोबर ती सैल होत गेली. शेतकऱ्याने नांगराला दिलेले रोख पैसे हे कोणाच्या तरी बलुत्याच्या धान्यातून वजा झालेले होते. त्या सुतारांपैकी कोणी साचे करायला कारखान्यात गेले असतील, कोणी गावातच हात चोळत बसले असतील. ओतकामाला आधी लाकडी साचा लागतो आणि तो सुतारच करतो. म्हणून त्यांच्या कलेला नव्या ठिकाणी जागा होती. पण ती जागा मागायला माणसाला गाव सोडावे लागे.

आता ती जागेची गोष्ट. धंदा कोठे रुजू लागतो न लागतो तोच, १९१० च्या आरंभी, नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितले. गावाची नवी वसाहत, जिला पूर्वी ठळकवाडी आणि आज आपण टिळकवाडी म्हणतो, तिच्यासाठी जागा हवी होती. आपल्या घरांतला सुस्कारा येथे येतो. मी त्या काळच्या नगरपालिकेची वकिली करीत नाही. पण गावाला राहण्याजोगी मोकळी वसाहत हवी असणे हेही गैर नव्हते. गाव दाट झाले होते, लोक बाहेर पसरत होते. टिळकवाडीत आज आपली कितीतरी मराठी घरे आहेत, आणि त्या अंगणांत बसूनच आपण कारखाना गेल्याची हळहळ करतो, हेही जरा लक्षात ठेवावे.

चूक वेगळीच होती. गावाने कारखान्याकडे एक भाडेकरू म्हणून पाहिले. भाडेकरूला उठवता येते. दुसरी जागा शोधून देऊ, रेल्वेजवळ चार एकर देऊ, चार वर्षांची मुदत देऊ, असे म्हणायला कोणीतरी त्याच्यात आपला वाटा पाहायला हवा होता. तो पाहिला गेला नाही. ओतकामाची भट्टी, लेथ, साचे, कामगारांची बिऱ्हाडे हे सारे गाठोड्यात बांधून नेता येत नाही. लहान धंदा बहुतेक वेळा अशाच वळणावर बुडतो. माल खपत असतो, हात कुशल असतात, आणि पायाखालची जमीन काढून घेतली जाते.

ती जमीन दिली औंधच्या राजाने. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले होते. लक्ष्मणरावांना ते आधीपासून ओळखत. औंधच्या देवळापुढच्या मंडपाचे काम त्यांनी किर्लोस्करांकडे दिले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार. पुढे त्यांनी रामायणाची चित्रमाला काढली आणि औंधला कलासंग्रह उभारला, ज्याला आजही लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात. रंग न दिसल्याने चित्रकला सोडलेला एक कारागीर आणि राज्य चालवता चालवता कुंचला न सोडलेला एक राजा. दोघांना एकमेकांची भाषा समजायला अडचण पडली नसावी.

पण ही केवळ कलावंतांची मैत्री नव्हती. औंध हे अवघे ७२ गावांचे संस्थान, तेही तुटक तुटक तुकड्यांत पसरलेले. पुष्कळसा मुलूख कोरडवाहू. उत्पन्न तुटपुंजे. त्यांच्या कुंडल भागाजवळून मात्र रेल्वे जात होती आणि कुंडल रोड नावाचे स्टेशन होते. स्टेशनाजवळ निवडुंग आणि सापांनी भरलेला खडकाळ माळ. शेतकऱ्याला निरुपयोगी, पण कच्चे लोखंड आणि कोळसा आणायला व तयार नांगर धाडायला याहून सोयीची जागा नाही. राजाने तो ३२ एकरांचा माळ दिला आणि भांडवलासाठी कर्जही दिले. राजाजवळ पडीक जमीन होती आणि उद्योग नव्हता. किर्लोस्करांजवळ उद्योग होता आणि जमीन नव्हती. दोघांच्याही उणिवा एकमेकांत नेमक्या बसल्या. भागीदारीची याहून नेटकी व्याख्या मला सापडलेली नाही. स्टेशनाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले.

माळावर गेलेली माणसेही पाहण्यासारखी आहेत. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था हाती घेतली. शंभोराव जांभेकर यंत्रशाळेचे. मंगेशराव रेगे हिशेबाचे. के. के. कुलकर्णी शिक्षणात मागे पडलेले, पण पडेल ते काम उचलणारे आणि माल खपवणारे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले आणि पुढे कल्पक यंत्रज्ञ झालेले. रखवालीला तर शिक्षा भोगून आलेले दोन दरोडेखोर ठेवले होते, आणि त्या माळावर चोरीची भीती राहिली नाही, अशी आठवण सांगतात. नोकरीच्या अर्जावर पदवी पाहणाऱ्या कोणत्याही कचेरीने यातल्या निम्म्या लोकांना दारातूनच परत पाठवले असते. लक्ष्मणराव स्वतःही कलाशाळेतून अर्ध्या वाटेवर निघालेले. त्यांनी माणसात काय नाही याची यादी केली नाही, हे मला त्यांच्या नांगराहून मोठे काम वाटते.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे लोखंड अडले. त्या काळातली एक हकिकत कोल्हापूरकडे अभिमानाने सांगतात. शाहू छत्रपतींनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा किर्लोस्करांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. शाहू महाराज शेतकऱ्यांचे राजे. त्यांच्या मुलखातला शेतकरी नांगराविना अडू नये, हा त्यांचा हिशेब असणार. येथे आणखी एक संस्थान भागीदार झाले, आणि तेही पैशाने नव्हे, तर मोडीत पडलेल्या वस्तूने.

१९२० हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी किर्लोस्कर ब्रदर्सची मर्यादित कंपनी झाली, म्हणजे भागीदारीला कायद्याचे रूप आले. आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. आपल्यासारख्या साहित्याच्या मंडळींना याच ठिकाणी थांबायला आवडेल, म्हणून मीही थांबतो.

शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, हे लक्ष्मणरावांचे पुतणे. तेही हाताने चित्रकार. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत जावी म्हणून त्यांनी हे छोटे नियतकालिक काढले. सायकल शिकवण्याचेच हे पुढचे पाऊल होते. पण यंत्रांची माहिती वाचणाऱ्या घरात बायकामुलेही असतात, त्यांनाही काही वाचायला हवे असते, हे शंकररावांनी ओळखले. हळूहळू खबरेचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले आणि नंतर ‘मनोहर’. नांगराच्या जाहिरातीपासून निघालेली वाट विवाह, शिक्षण, रूढी, विज्ञाननिष्ठा यांच्या वादांपर्यंत गेली. सावरकरांचे लेख त्यात आले आणि त्यांवरून घराघरांत भांडणे झाली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी घरांना ही मासिके म्हणजे महिन्याला येणारे माहेरचे पत्र होते. आमच्या घरी ‘स्त्री’चे जुने अंक माळ्यावर एका ट्रंकेत होते. आजी ते वाचताना पान दुमडून ठेवी आणि त्यावरून तिला बोलणी बसत.

कारखान्याने लेखकांना छापखाना, कागद आणि मानधन दिले. लेखकांनी कारखान्याला काय दिले? त्यांनी एक वाचकवर्ग दिला, जो ‘किर्लोस्कर’ हे नाव लोखंडाशी नव्हे तर नव्या विचाराशी जोडू लागला. लाखो रुपयांच्या जाहिरातीने हे होत नाही. मालकांना न रुचणारा मजकूरही अधूनमधून छापून येत असणार. त्याशिवाय मासिकाला ती पत येत नाही. उद्योग आणि साहित्य यांची अशी सरळ भागीदारी मराठीत पुन्हा फारशी झाली नाही. आपण साहित्यिक लोक व्यापाऱ्याकडे देणगीची पावती घेऊन जातो, तोही ती गुपचूप फाडून घेतो, आणि दोघेही एकमेकांकडून याहून अधिक अपेक्षा ठेवत नाहीत.

औंधच्या राजाने हा डाव एकदाच खेळला नाही. कऱ्हाडच्या स्टेशनाजवळ १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचेचा कारखाना सुरू झाला, तोही औंधच्या आश्रयाने, आणि त्या जागेचे नाव ओगलेवाडी पडले. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील आपल्यापैकी वयस्कर मंडळींनी स्वतः पुसला असेल. राखेने काच पुसताना ती हातात फुटली की काय होई, तेही आठवत असेल. काचेच्या धंद्यामागे आणखी एक नवलाची भागीदारी होती, ती पैसा फंडाची. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना चालवली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैशांतून तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. तेथे माल तर झालाच, पण काचकाम शिकलेली माणसेही तयार झाली, आणि ती पुढे इतर कारखान्यांना मिळाली. एका बाजूला राजाची जमीन, दुसऱ्या बाजूला रस्त्यावरच्या माणसाचा पैसा. स्वदेशीच्या त्या दिवसांत दोन्ही वाटा चालल्या.

सगळ्या भागीदाऱ्या टिकल्या नाहीत. १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि राजाचा भाग संपला. किर्लोस्करांनी तोवर दुसरीकडे हात जोडले होते. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला यंत्रे बनवणारा कारखाना झाला, १९४६ मध्ये बंगळूर आणि पुण्याला. हरिहरच्या कारखान्यात कानडी आणि मराठी कामगार एकाच लेथवर पाळी बदलत. बेळगावात आम्ही ज्या प्रश्नावर भांडतो, तो तेथे निदान कारखान्याच्या भोंग्याच्या आत तरी कोणाला आडवा आला नाही. आपल्या उद्यमबागेतल्या ओतशाळांतही आज हेच चालते. एकाकडे साचे करून घ्यायचे, दुसऱ्याकडे ओतायचे, तिसऱ्याकडे घासून घ्यायचे, आणि बिलावर तिघांचीही आडनावे वेगवेगळ्या भाषांतली. सभेत मोठ्याने बोलणारे आम्ही, कामाच्या वेळी भागीदार कोण ते बरोबर ओळखतो.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली आणि ज्या गावात त्यांनी पहिले दुकान थाटले ते म्हैसूर राज्यात गेले. ज्या माळावर त्यांनी कारखाना हलवला तो मुंबई राज्यात राहिला.

बेळगावहून पुण्याची गाडी धरली, तर घटप्रभा, कुडची, मिरज, सांगली, भिलवडी मागे टाकून ती किर्लोस्करवाडीवरून जाते. तेथून आणखी थोडे गेले की कऱ्हाडचे स्टेशन येते, ते ओगलेवाडीत आहे. गेल्या खेपेला मी जात होतो तेव्हा समोरच्या बाकावर बेळगावचा एक तरुण होता. टिळकवाडीत घर, पुण्याच्या एका कंपनीत नोकरी. स्टेशनची पाटी आली तेव्हा त्याने डोके वर करून वाचली आणि मला विचारले, “काका, आमच्याकडे किर्लोस्कर रोड आहे, त्याचा आणि याचा काही संबंध आहे का हो?” गाडी तेथे फार वेळ थांबत नाही. मी सायकलींपासून सुरुवात केली. गाडी कऱ्हाडला आली तेव्हा मी जेमतेम पन्हाळ्याच्या तोफांपर्यंत पोहोचलो होतो.